सेशन्सचे आकडे जुळत नाहीत? टॅग उचकटण्याआधी हे तपासा

सेशन्सचे, म्हणजे साईटवरच्या भेटींचे, आकडे जुळत नाहीत ही तक्रार महिन्याच्या सुरुवातीला हमखास येते, कारण तेव्हा मागच्या महिन्याचे अहवाल बनतात. जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४) महिन्याच्या एकूण सेशन्सचा एक आकडा दाखवतं आणि रोजच्या आकड्यांची बेरीज त्याहून जास्त निघते. होस्टिंगच्या सीपॅनलमधलं (सर्व्हर सांभाळायच्या पटलातलं) एडब्ल्यूस्टॅट्स हे साधन तिसराच आकडा सांगतं. जाहिरातीच्या खात्यातले क्लिक यातल्या कशाशीच जुळत नाहीत. मग कोणीतरी 'टॅग बिघडलाय', म्हणजे साईटवर बसवलेला मोजणीचा कोड बिघडलाय, असं ठरवतं, चांगला चाललेला टॅग निघतो, नवा बसतो. पुढच्या महिन्यात तक्रार तीच असते, आणि मधल्या बदलामुळे आधीच्या आकड्यांशी तुलना करायची सोयही गेलेली असते.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. वाचकाचा ब्राउझर 'सेशन' नावाचं काही पाठवत नसतो. तो फक्त घटना कळवतो: पान उघडलं, खाली सरकवलं, बटण दाबलं. यातल्या कोणत्या घटना मिळून एक भेट धरायची, हे मोजणारं साधन ठरवतं आणि प्रत्येक साधनाचा नियम वेगळा आहे. दोन साधनांचे आकडे वेगळे आले, तर पहिला प्रश्न 'कोणाचं चुकलं' हा नाही, 'कोणाचा नियम काय' हा आहे. नियमांतला फरक बाजूला काढल्यावर जे उरेल, तेवढाच बिघाड. तो शोधायला सोपा असतो, कारण तोवर तो बराच लहान झालेला असतो.

एक वाचक, एक रात्र, दोन उत्तरं

समजा, ठाण्यातली एक वाचक रात्री ११:४० ला व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून तुमची साईट उघडते. ११:५० पर्यंत वाचते. मग उठून दुसरं काही करते आणि १२:१० ला त्याच टॅबमध्ये आणखी एक लेख उघडते. १२:२५ ला तुमच्या न्यूजलेटरची मेल दिसते, तिच्यातल्या यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारा पत्त्यातला तुकडा) लावलेल्या दुव्यावरून ती पुन्हा साईटवर येते, तो लेख वाचते आणि झोपते.

जीए४ च्या आधीचं गूगलचं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स याला ३ सेशन्स म्हणायचं. मध्यरात्र झाली की त्याचं सेशन तुटायचं, म्हणून १२:१० ला दुसरं. मोहिमेचा स्रोत बदलला की पुन्हा तुटायचं, म्हणून १२:२५ ला तिसरं. मटोमो हे दुसरं मोजणीचं साधन मूळ सेटिंगवर असेल तर तेही ३ भेटी धरतं, जवळपास याच कारणांनी.

जीए४ मध्ये हे १ सेशन आहे. तिथे मध्यरात्रीला सेशन तुटत नाही, नव्या यूटीएमनेही तुटत नाही. सलग ३० मिनिटं काहीच घडलं नाही तरच ते संपतं, आणि इथे सगळ्यात मोठा खंड २० मिनिटांचा आहे. ॲडोबी ॲनालिटिक्सही ही एकच भेट धरेल. त्याच्याकडे वेगळ्या मर्यादा आहेत: सलग १२ तास हालचाल चालू राहिली तर भेट संपवायची, एकाच भेटीत २,५०० नोंदी झाल्या तरी संपवायची, आणि १०० सेकंदांत १०० नोंदी आल्या तरीही.

बाई तीच आणि वाचनही तेच, पण उत्तर एकीकडे १ आणि दुसरीकडे ३. युनिव्हर्सल ॲनालिटिक्सच्या साध्या प्रॉपर्टीजमध्ये (साईटच्या मोजणी खात्यांमध्ये) १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं बंद झालं. त्या वेळी अनेक साईटमालकांना एका रात्रीत सेशन्स घटल्यासारखे वाटले. त्यातला मोठा भाग वाचक घटल्याचा नव्हता, नियम बदलल्याचा होता. अजूनही कोणी जुलै २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे सेशन्स एकाच आलेखावर काढत असेल, तर त्या जोडावर ठळक रेघ मारून कारण लिहून ठेवावं, हे मी आग्रहाने सांगतो. त्या खोट्या घसरणीचा ठपका लिहिणाऱ्यांवर येतो.

रोजची बेरीज महिन्याच्या एकूण आकड्यापेक्षा जास्त का येते

वरच्याच उदाहरणात जीए४ चा रोजचा तक्ता बघा. मध्यरात्र ओलांडणारं सेशन एकच असतं, पण ते दोन्ही दिवसांच्या ओळीत एकेकदा मोजलं जातं. म्हणजे कालचं १, आजचं १, बेरीज २ आणि दोन दिवसांचं मिळून एकूण १. यात बिघाड काहीच नाही. रात्री उशिरा वाचल्या जाणाऱ्या साईटवर हा फरक जास्त दिसतो: कथा, क्रिकेट, निवडणुकीचे निकाल, भविष्य. दुपारी वर्दळ असणाऱ्या कार्यालयीन साईटवर तो जेमतेम असतो.

खात्री करायची असेल तर 'सेशन_स्टार्ट' या घटनेची रोजची संख्या बाजूला मांडा. सेशन सुरू होतं तेव्हा ही घटना एकदाच नोंदली जाते, म्हणून ती फक्त पहिल्या दिवशी दिसते. तिची बेरीज महिन्याच्या एकूण आकड्याच्या जवळ आली, तर फरक मध्यरात्रीचाच होता.

जवळ म्हणतो, तंतोतंत नाही. जीए४ आपल्या अहवालांत सेशन्स एकेक करून मोजत नाही, हायपरलॉगलॉग नावाच्या अंदाजी पद्धतीने मोजतं. किरकोळ टक्केवारीचा फरक या पद्धतीत राहणारच, त्याच्यामागे संध्याकाळ घालवू नका. काटेकोर आकडा हवाच असेल तर डेटा बिगक्वेरीत (गूगलच्या डेटाबेसमध्ये) घ्या आणि तिथे मोजा. तिथेही एक खाच आहे. जीए४ चा सेशन क्रमांक म्हणजे सेशन सुरू झालं त्या सेकंदाचा वेळशिक्का असतो, दुसरं काही नाही. एकाच सेकंदाला दोन माणसं आली तर दोघांचा क्रमांक तोच. नुसते वेगवेगळे सेशन क्रमांक मोजले तर आकडा कमी येतो, आणि साईट जितकी गजबजलेली तितका जास्त कमी. वापरकर्त्याची ओळख आणि सेशन क्रमांक एकत्र जोडून मगच वेगळे मोजा.

याच टप्प्यावर टाइम झोन बघून घ्या. प्रॉपर्टी बनवताना घाईत तो रकाना न बदलता पुढे गेलं की अमेरिकेचा पॅसिफिक टाइम तसाच राहून जातो. मग तुमचा 'दिवस' भारतीय वेळेनुसार दुपारी १२:३० किंवा १:३० ला बदलतो, तिथला उन्हाळी वेळ चालू आहे की नाही त्यावर. याचं निदान मिनिटभरात होतं. तासवार अहवाल काढा आणि सगळ्यात कमी वर्दळ कोणत्या तासाला दिसते ते बघा. मराठी वाचकांची साईट पहाटे तीनच्या सुमारास ओस पडते. तुमच्या अहवालात ती दुपारी एक ते तीनच्या दरम्यान ओस पडलेली दिसत असेल, तर घड्याळ लॉस एंजेलिसचं आहे. टाइम झोन बदलता येतो, पण त्याचा परिणाम पुढच्या डेटावरच होतो, मागचा तसाच राहतो. बिगक्वेरीत तर दोन घड्याळं शेजारी शेजारी असतात: घटनेची तारीख प्रॉपर्टीच्या टाइम झोनमध्ये, घटनेचा वेळशिक्का मात्र यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०. वेळशिक्क्यावरून तारीख काढणाऱ्याने साडेपाच तास मिळवले नाहीत, तर प्रत्येक दिवसाचे आकडे सरकलेले येणार.

कालचा आकडा आज सकाळी कशाशीच ताडून बघू नका. जीए४ ला डेटा पूर्ण पचवायला २४ ते ४८ तास लागू शकतात.

तीस मिनिटं कुठून आली आणि ती कधी बदलावी

जवळपास सगळी साधनं ३० मिनिटांच्या शांततेनंतर भेट संपली असं धरतात. हा आकडा निसर्गनियम नाही. अमेरिकेत अटलांटा इथल्या जॉर्जिया टेकमध्ये लारा कॅटलेज आणि जेम्स पिटकॉ यांनी तिथल्या लोकांच्या वेब वापराच्या नोंदी तपासल्या आणि १९९५ साली निष्कर्ष मांडला. दोन कृतींमधला सरासरी वेळ ९.३ मिनिटं होता. त्यात दीड प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) मिळवून त्यांनी २५.५ मिनिटांची सीमा काढली. पुढे या क्षेत्रात ती गोळाबेरीज ३० मिनिटं म्हणून रुळली. म्हणजे आपण आज मोबाइलवर, लोकलच्या गर्दीत, नेटवर्क येत-जात असताना केलेलं वाचन ज्या फूटपट्टीने मोजतो, ती मोझेक ब्राउझरच्या काळातल्या एका विद्यापीठातल्या लोकांच्या सवयींवरून बनलेली आहे.

तरीही ती ऊठसूट बदलू नये असं माझं ठाम मत आहे. बदलण्याचं योग्य कारण एकच: तुमच्या साईटवर लोक खरोखरच दीर्घकाळ काही न करता थांबतात. लांब कथा, ऑडिओ, तासाभराची व्याख्यानं, ऑनलाइन परीक्षा. अशा ठिकाणी एक विशिष्ट लक्षण दिसतं. 'लँडिंग पेज' (वाचक ज्या पानावर उतरला ते) अहवालात 'नॉट सेट' (माहिती नाही) ही ओळ फुगत जाते. कारण असं की वाचक पान उघडं ठेवून जातो, पाऊण तासाने परततो आणि पान पुन्हा लोड न होता तिथूनच पुढे सरकवतो. जुनं सेशन संपलेलं असतं. सरकवण्याच्या घटनेने नवं सेशन उघडतं, पण त्यात 'पान उघडलं' ही घटनाच नसते, मग उतरण्याचं पान कोणतं दाखवणार? इथे टॅग दोषी नाही.

उपाय जीए४ मध्येच आहे: ॲडमिन, डेटा स्ट्रीम्स, तुमची स्ट्रीम, कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज, तिथे 'शो ऑल' दाबल्यावर ॲडजस्ट सेशन टाइमआउट. मर्यादा ७ तास ५५ मिनिटांपर्यंत वाढवता येते. लांब वाचनाच्या साईटला एक तास ठेवून काही आठवडे 'नॉट सेट'ची ओळ कशी हलते ते बघा. पण दुसऱ्या साधनाच्या आकड्याशी जुळावं म्हणून हा खटका फिरवू नका. आज जुळेल, पुढच्या महिन्यात वाचकांची सवय थोडी बदलली की पुन्हा फाटेल.

त्याच पानावर 'एंगेज्ड सेशन'चा कालावधीही असतो. मूळ नियम असा: सेशन १० सेकंदांपेक्षा जास्त चाललं, किंवा त्यात २ पानं पाहिली गेली, किंवा एखादी 'की इव्हेंट' (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली घटना) घडली, तर ते एंगेज्ड. हे लक्षात ठेवा, पुढच्या निदानात लागेल.

आता खरे बिघाड

नियमांचा हिशोब लागला आणि तरी फरक उरला, तर या गोष्टी बघा. मला ज्या सगळ्यात जास्त वेळा सापडतात, त्या आधी घेतो.

दोनदा बसलेला टॅग. थीममध्ये एकदा कोड चिकटवलेला असतो, नंतर वर्डप्रेसच्या प्लगिनने दुसऱ्यांदा घातलेला असतो, कधी टॅग मॅनेजरमधून (टॅग एका जागेवरून सांभाळायच्या साधनातून) तिसऱ्यांदा. गंमत अशी की यात सेशन्स वाढत नाहीत, कारण कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) एकच असते. त्यामुळे सेशन्सकडेच बघणाऱ्याला हा बिघाड दिसत नाही. वाढतात ती पानं. आणि प्रत्येक भेटीत २ पानं मोजली गेल्यामुळे जवळजवळ प्रत्येक सेशन एंगेज्ड ठरतं. एंगेजमेंट रेट (एंगेज्ड सेशन्सचं प्रमाण) अचानक शंभर टक्क्यांच्या आसपास जाऊन बसला असेल, तर लेख चांगले झाल्याचा आनंद करण्याआधी ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडा, नेटवर्कच्या पट्टीत 'कलेक्ट' असा शोध घ्या आणि एकदा पान लोड केल्यावर 'पेज_व्ह्यू' किती वेळा जातं ते मोजा. एकदाच जायला हवं. टॅग असिस्टंट हे गूगलचं तपासणीचं साधनही हेच दाखवेल. जास्तीचा टॅग काढाल त्या दिवशी एंगेजमेंट कोसळेल. तो आकडा खरा आहे, संपादकांना आधीच सांगून ठेवा.

दोन डोमेन. लेख एका डोमेनवर आणि पुस्तकविक्रीचं दुकान दुसऱ्याच डोमेनवर, अशी रचना मराठी प्रकाशकांकडे बऱ्याचदा दिसते. सबडोमेन असेल तर अडचण नाही, जीए४ ची कुकी मुख्य डोमेनवर बसते आणि सगळ्या सबडोमेनना दिसते. पण डोमेनच वेगळं असेल तर कुकी तिकडे जात नाही. वाचक दुकानात पाऊल टाकतो तेव्हा तो नवा माणूस, नवं सेशन, आणि स्रोत म्हणून तुमचीच लेखांची साईट. स्वतःच्या साईटचं नाव रेफरल यादीत (वाचक कोणत्या साईटवरून आले त्या यादीत) दिसलं की हेच कारण समजा. टॅग सेटिंग्जमधल्या 'कॉन्फिगर युअर डोमेन्स'मध्ये दोन्ही डोमेन भरा. मग लेखावरून दुकानाच्या दुव्यावर क्लिक करा आणि उघडलेल्या पत्त्यात अंडरस्कोअर-जीएल असा तुकडा आला का ते बघा. नसेल, तर मधलं एखादं रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्यावर पाठवणं) तो खातंय.

सर्व्हरवरून पाठवलेली खरेदी. यूपीआयने पैसे भरणारा ग्राहक बऱ्याचदा पेमेंट ॲपमधून परत साईटवर येतच नाही, म्हणून दुकानं खरेदीची नोंद मेझरमेंट प्रोटोकॉलने (ब्राउझरशिवाय जीए४ ला घटना कळवायच्या पद्धतीने) सर्व्हरवरून पाठवतात. कल्पना योग्य आहे. पण त्या नोंदीसोबत सेशन क्रमांक गेला नाही तर खरेदी कोणत्याच सेशनला चिकटत नाही आणि स्रोताच्या जागी 'नॉट सेट' येतं. मालकाला वाटतं, जाहिरातीतून एकही पुस्तक विकलं गेलं नाही. ऑर्डर तयार होते त्याच क्षणी ग्राहकाचा क्लायंट आयडी (त्याच्या ब्राउझरची ओळख) आणि सेशन क्रमांक ऑर्डरच्या नोंदीत जपून ठेवा आणि पैसे जमा झाल्यावर तेच परत पाठवा. एवढ्या छोट्या दुरुस्तीसाठी डेव्हलपरच्या मागे लागणं योग्यच आहे, कारण यावर जाहिरातीचा पैसा कुठे घालायचा ते ठरतं.

साईटच्या आतल्या दुव्यांना यूटीएम. मुखपृष्ठावरच्या बॅनरला यूटीएम लावलं की वाचक खरा कुठून आला ते झाकलं जातं. जीए४ मध्ये त्याने सेशन तुटत नाही, पण श्रेय भलतीकडे जातं. मटोमोत तर प्रत्येक क्लिकला नवी भेट उघडू शकते. आतले क्लिक मोजायला वेगळी इव्हेंट बनवा. यूटीएम बाहेरच्या दुव्यांनाच.

आणि बाहेर ते लावाच, विशेषतः व्हॉट्सॲपवर पाठवायच्या दुव्यांना. तिथून येणारा वाचक साधारणपणे कोणताही संदर्भ न आणता येतो आणि 'डायरेक्ट'मध्ये जमा होतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं वेगळंच: दुवा त्यांच्या ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि तिथल्या कुकी क्रोमपासून अलग असतात. वाचकाने 'ब्राउझरमध्ये उघडा' दाबलं की एका माणसाचे दोन होतात, सेशनही दोन. यावर तुमच्याकडून करण्यासारखं फारसं काही नाही. लॉगिन असलेल्या साईटवर यूझर आयडी पाठवून माणसं जोडता येतात, तेवढंच. सफारीमध्येही पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत पुसली जाते. त्याने सेशन्स फारसे बिघडत नाहीत, पण आयफोनवाले जुने वाचक 'नवे' म्हणून दिसत राहतात.

क्लिक आणि सर्व्हरचे आकडे

जाहिरातीचा क्लिक मोजला जातो तो पान उघडण्याआधी, सेशन मोजलं जातं टॅग चालल्यावर. मधल्या वेळात पान जड म्हणून लोक मागे फिरतात. त्याच माणसाने अर्ध्या तासात दोनदा जाहिरात दाबली तर क्लिक २, सेशन १. हा फरक कायम राहणार. तो एकाएकी वाढला तरच लक्ष द्या, आणि तेव्हा आधी रीडायरेक्ट तपासा: पत्त्याच्या शेवटी जीक्लिडचं (गूगल जाहिरातीच्या क्लिकच्या खुणेचं) खोटं मूल्य जोडून पान उघडा आणि ते शेवटपर्यंत टिकतं का बघा. जाहिरात खात्याचा टाइम झोनही वेगळा असू शकतो.

एडब्ल्यूस्टॅट्सशी तुलना मात्र सोडूनच द्या. ते सर्व्हरच्या लॉगवरून मोजतं, कुकीवरून नाही. त्यात शांततेची मर्यादा मूळ सेटिंगवर १ तासाची असते. ज्यांना ते ओळखत नाही असे बॉट माणसांत जमा होतात. उलट मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपी पत्त्यामागे बरेच ग्राहक असू शकतात, ते एकाच भेटीत मिसळतात. एकीकडून आकडा फुगतो, दुसरीकडून आक्रसतो, आणि कोणता परिणाम किती हे वेगळं काढता येत नाही.

युरोपातले वाचक असतील, तर कुकीसाठी परवानगी मागणारी संमतीची पट्टीही हिशोबात धरा. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाने कुकी नाकारली की त्याच्या घटना सेशन क्रमांकाशिवाय येतात किंवा येतच नाहीत. देशवार तक्त्यात तिथला आकडा पट्टी लावल्याच्या तारखेपासून पडलेला दिसेल.

इतकं करूनही मोठा फरक उरला आणि डेव्हलपरला किंवा जाणकाराला विचारायची वेळ आली, तर 'सेशन्स चुकीचे येतात' एवढंच लिहू नका. कोणती दोन साधनं, दोन्हींचा टाइम झोन, सेशनची मर्यादा किती मिनिटं, फरक कोणत्या तारखेपासून, तो सगळ्या स्रोतांत सारखा आहे की एखाद्याच ब्राउझरमध्ये किंवा एखाद्याच देशात, आणि त्या तारखेच्या आसपास थीम, प्लगिन, पेमेंट किंवा संमतीच्या पट्टीत काय बदललं, हे लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच आठवत नसतं, म्हणून असे बदल होतील तसे तारखेनिशी एका शीटमध्ये नोंदवत जा आणि ती शीट साईटवर काम करणाऱ्या सगळ्यांना उघडी ठेवा.